मागून येणारी मंडळी

(दृश्य : हृदय-प्रत्यारोपणाच्या रुग्णांसाठी निधी जमवणाऱ्या चालण्याची सुरुवात. गर्दी वळणापलीकडे जाते.)

तरणी मंडळी निघाली बघता बघता पुढे. आपण मात्र मागेच थांबू. लाल टोप्या, तोंडावर मास्क, पावलं संथ. ही माणसं दमलेली नाहीत. त्यांच्या छातीत दुसऱ्या कुणाचं तरी हृदय आहे, आणि पाय चालू लागल्याची वर्दी त्या हृदयाला जरा उशिराच मिळते.

(दृश्य : बोटाला लावलेलं यंत्र, मिनिटाला ठोके १०४.)

हा बसल्या जागीचा आकडा आहे. प्रत्यारोपणात मोठ्या रक्तवाहिन्या शिवून जोडतात. हृदयाकडे येणाऱ्या नसा, म्हणजे मेंदूचे निरोप आणणारे मज्जातंतू, मात्र कापल्या जातात, त्या जोडत नाहीत. वेग आवरणाऱ्या व्हेगस नसेचा हृदयावर ताबा उरत नाही, म्हणून विश्रांतीतही ठोके ९० ते ११०च्या घरात. चढ लागला की तुमचं-आमचं हृदय लगेच वेग घेतं. यांचं हृदय अॅड्रेनलिन हे वेग वाढवणारं संप्रेरक रक्तातून पोहोचेपर्यंत वाट बघतं, त्यात काही मिनिटं जातात. थांबल्यावर ठोके उतरतातही हळूच. त्यामुळे सुरुवातीला संथ चाल, शेवटीही संथ चाल. काहींच्या नसा पुढे काही वर्षांनी थोड्याफार पुन्हा वाढतात.

याच तुटलेल्या नसांमुळे हृदयाच्या रोहिण्या अरुंद झाल्या तरी छातीत दुखेलच असं नाही. तपासण्या टाळून चालत नाही ते यासाठी.

(दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

३ डिसेंबर १९६७, केप टाऊन. डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी लुई वॉशकान्स्की यांच्या छातीत दुसऱ्या माणसाचं हृदय बसवलं. जगभर गाजावाजा झाला. वॉशकान्स्की अठरा दिवस जगले. बसवलेलं हृदय चालत होतं. त्यांना नेलं न्यूमोनियानं. शरीरानं परकं हृदय नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबावी, तर जंतुसंसर्गाला दार उघडं. १९८०च्या दशकात सायक्लोस्पोरीन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध आलं आणि ही कसरत जमू लागली. ऑपरेशनचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत, गोळ्यांचे कोण काढतो?

(दृश्य : पाण्याचं टेबल. मोबाइलचा गजर. गोळ्यांची डबी.)

आम्ही काढले. ही टॅक्रोलिमसची वेळ, तेही प्रतिकारशक्ती दाबणारंच औषध. बहुतेकांना दर बारा तासांनी, आयुष्यभर. रक्तातलं प्रमाण कमी झालं तर शरीर हृदयावर उठतं, जास्त झालं तर मूत्रपिंडं बिघडतात. म्हणून पुन्हा पुन्हा रक्त तपासायचं.

(दृश्य : कॅथलॅब, रक्तवाहिनीतून हृदयापर्यंत जाऊन तपासणी करण्याची खोली. पडद्यावर हलणारी बारीक तार.)

ही बायॉप्सी. मानेतल्या शिरेतून बारीक चिमटा हृदयाच्या उजव्या जवनिकेपर्यंत, म्हणजे खालच्या कप्प्यापर्यंत, नेतात आणि टाचणीच्या डोक्याएवढे तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. रुग्ण जागा असतो, डॉक्टरांशी बोलत असतो. पहिल्या वर्षात ही फेरी अनेकदा होते. शरीर हृदय नाकारू लागलं तर ते बहुधा इथेच आधी कळतं, त्रास जाणवण्यापूर्वी. उशिरा कळलं तर हृदय हातचं जातं.

(दृश्य : फोटो छातीशी धरून चालणारं कुटुंब. निवेदन नाही.)

(दृश्य : नोंदणीचं टेबल, देणगीचे अर्ज.)

या चालण्यातून जमणारा पैसा ऑपरेशनसाठी नाही. तो गोळ्यांना, तपासण्यांना आणि लांबून येणाऱ्यांच्या राहण्याच्या सोयीला जाईल. ऑपरेशनला मदत करणारे भेटतात. तिसऱ्या वर्षीच्या औषधाच्या बिलाला कुणी वाली नसतो. अर्जावर दोन चौकोन आहेत, एकदाच द्यायचे की दरमहा. आमचं म्हणाल तर दुसऱ्यावर खूण करा, रक्कम छोटी असली तरी. औषधाचं दुकान दर महिन्याला पैसे मागतं.