फ्लोर्सची अमेरिकन सून

(पडद्यावर : ट्वीड नदीचं संथ पाणी. पलीकडच्या उतारावर फ्लोर्सचा राजवाडा.)

स्कॉटलंडच्या दक्षिण टोकाला, इंग्लंडच्या हद्दीजवळ, केल्सो नावाचं गाव आहे. गावाबाहेर नदीकाठी हा फ्लोर्सचा राजवाडा. १७२१ साली वास्तुकार विल्यम ॲडमच्या हाताखाली तो उभा राहू लागला. शंभरेक वर्षांनी विल्यम प्लेफेअरनं त्याच्या माथ्यावर या मनोऱ्यांची आणि घुमट्यांची गर्दी चढवली. घराणं रॉक्सबराच्या ड्यूकांचं. १८९२ साली वडील वारले आणि गादी सोळा वर्षांच्या हेन्रीकडे आली.

गादी म्हणजे सुमारे ६० हजार एकर जमीन. पण तेव्हा जमिनीचे दिवस फिरले होते. अमेरिकेच्या माळरानांवरचा गहू आगगाड्यांनी बंदरात आणि आगबोटींनी ब्रिटनच्या बाजारात येऊ लागला. धान्याचे भाव कोसळले, कुळांना खंड परवडेना. पिढ्यान्‌पिढ्या खंडावर जगलेल्या उमरावांना वाड्याचं गळकं छप्परही जड जाऊ लागलं. आणि ज्या अमेरिकेच्या गव्हानं त्यांना खाली बसवलं, तिथल्याच कोट्यधीशांना आपल्या मुलींसाठी युरोपातलं खानदान हवं होतं. त्यातून सोयरिकी जुळू लागल्या. अशा मुलींना वर्तमानपत्रं 'डॉलर राजकन्या' म्हणत.

हेन्रीला हे बाहेरून ऐकायची गरजच नव्हती. त्याचं आजोळ म्हणजे ब्लेनहाइम, मार्लबरोच्या ड्यूकांचं घर. रॅन्डॉल्फ चर्चिल हा त्याचा मामा. त्यानं १८७४ मध्ये न्यूयॉर्कच्या जेनी जेरोमशी लग्न केलं, म्हणजे विन्स्टन चर्चिल हेन्रीचा मामेभाऊ. थोरल्या मामानं १८८८ मध्ये लिली हॅमर्सली ही श्रीमंत अमेरिकन विधवा केली आणि तिच्या पैशातून वाड्याच्या छपराची डागडुजी झाली. आणि १८९५ मध्ये त्याच मामाच्या मुलानं न्यूयॉर्कच्या कोट्यधीश घराण्यातल्या कॉन्सुएलो व्हँडरबिल्टशी लग्न केलं. एका आजोळात तीन अमेरिकन सुना!

(पडद्यावर : न्यूयॉर्कचं जुनं सेंट थॉमस चर्च.)

कॉन्सुएलोच्या लग्नाजवळ थोडं थांबायला हवं. ६ नोव्हेंबर १८९५. नवरी अठरा वर्षांची, मन दुसऱ्याच माणसावर बसलेलं. आई आल्वा हट्टाला पेटलेली. करारात जावयाच्या नावानं रेल्वेचे २५ लाख डॉलरचे शेअर लिहून दिलेले. पुढे १९२६ मध्ये हे लग्न चर्चकडून रद्द ठरवण्याची वेळ आली, तेव्हा आल्वानं स्वतःच साक्ष दिली की मुलीला मीच भाग पाडलं. तिशी उलटलेल्या जखमेवर आईनं उशिरा घातलेली ही फुंकर. ही साक्ष वाचताना माझ्या पोटात आजही कालवतं.

त्या दिवशी नवरीच्या मागे ज्या करवल्या चालत होत्या, त्यांतली एक सतरा वर्षांची मे गोलेट.

मेचं घराणं न्यूयॉर्कमधल्या जमिनींचं. मॅनहॅटनमध्ये जागा घ्यायच्या, विकायच्या नाहीत, भाडी खायची. घराण्यातला जुना कारभारी पीटर गोलेट असा की, ब्रॉडवेवरच्या घराच्या अंगणात त्याचे मोर फिरायचे आणि गायही चरायची, आणि भोवती शहर वाढत होतं. त्याला मूलबाळ नव्हतं. पैसा पुतण्यांकडे आला, त्यांतला एक मेचा बाप, ऑग्डेन. त्यानं 'मेफ्लॉवर' नावाची आलिशान नौका बांधून घेतली, तीही स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या गोदीत. १८९७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या काउझ बंदरात त्याच नौकेवर तो वारला. मे एकोणिसाच्या आतली, आणि वर्तमानपत्रांच्या हिशेबानं तिच्या वाट्याला २ कोटी डॉलर.

मग काय, रांग लागली. कर्जात बुडालेल्या मँचेस्टरच्या ड्यूकशी तिचं लग्न वर्तमानपत्रांनी लावूनही टाकलं होतं. पण मेनं घाई केली नाही. वर्षामागून वर्षं ती लंडनला जात राहिली, माणसं पाहत राहिली. १९०२ मध्ये ग्रेस मावशीला लिहिलेल्या पत्रात तिनं मागणी घालणाऱ्यांची हजेरीच घेतली आहे. त्यात रॉक्सबराचाही उल्लेख आहे : गावभर ज्याच्याशी आपलं जुळल्याची चर्चा आहे, तो हा.

आणि तो? तो बुजरा. मेजवान्या, नाच, लंडनचा हंगाम यांत न रमणारा. घोडदळातला अधिकारी, दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात जाऊन आलेला. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकात राणीचा मुकुट वाहून नेण्याचा मान त्याला मिळाला होता. पण चारचौघांत बोलायचं म्हटलं की गडी मागे. माझं मत विचाराल, तर त्याच्या मागे हटण्यातच मेला काहीतरी दिसलं असावं. पैशासाठी धावत येणारे तिनं पुष्कळ पाहिले होते.

१० नोव्हेंबर १९०३. तेच सेंट थॉमस चर्च. करवली आता नवरी होती, वय पंचवीस. बाहेर बायकांची अशी झुंबड उडाली की पोलिसांना आवरेना. अमेरिकेतल्या कुठल्याच मुलीनं स्कॉटलंडच्या थंडगार वाड्यात इतका पैसा नेला नसेल, असं लोक बोलत. दोन वर्षांनी ते चर्च आगीत जळून गेलं.

(पडद्यावर : फ्लोर्सचं दिवाणखान्याचं दालन.)

सासरचं पुढचं आयुष्य छायाचित्रांत मावत नाही. दहा वर्षं पाळणा हलला नाही. गादीला वारस नसला की बोल सुनेलाच, हे तिकडेही होतंच. ७ सप्टेंबर १९१३ रोजी मुलगा झाला, जॉर्ज. एकुलता एक. वर्षभरात महायुद्ध पेटलं आणि पहिल्याच वर्षी ड्यूक आघाडीवर जखमी झाला. पण तो परत आला. कॉन्सुएलो १९०६ मध्येच नवऱ्यापासून वेगळी झाली होती. हेन्री आणि मे मात्र १९३२ मध्ये त्याचा मृत्यू होईपर्यंत एकत्र होते.

मेच्या डॉलरांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. मला तिच्या विणलेल्या चित्रांबद्दल सांगायचंय. माहेरच्या घरातून तिनं ब्रसेल्सच्या विणकरांनी सतराव्या शतकात विणलेल्या टॅपिस्ट्री आणल्या. जवळ जाऊन पाहा : लांबून रंगवलेलं चित्र वाटतं, हातभर अंतरावर आल्यावर एकेक धागा वेगळा दिसतो, कुठे फिका झालेला निळा, कुठे अजून टिकून असलेला लाल. पण फ्लोर्सच्या दिवाणखान्यात त्या बसेनात. प्लेफेअरची सजावट आड येत होती. घरात आलेल्या सुनेनं भिंतींना धक्का लावू नये, असं कुणीही म्हटलं असतं. मेनं १९३०च्या दशकात सजावटच काढायला लावली आणि त्या कापडाच्या मापानं दालन नव्यानं बांधून घेतलं. शेजारच्या खोलीत मातीस या आधुनिक फ्रेंच चित्रकाराचं एक चित्रही तिनं लावलं, तेव्हाच्या उमरावांच्या घरात सहसा न दिसणारं.

१९३७ च्या एप्रिलमध्ये मे गेली. राजवाडा उन्हाळ्यात लोकांसाठी उघडतो. दिवाणखान्यात शिरल्यावर नजर प्लेफेअरच्या कामाला शोधते, पण समोर दिसतं ते मेच्या माहेरचं विणकाम, तिनं ज्या उंचीवर टांगायला सांगितलं होतं, त्याच उंचीवर.