टाकांवर सोनाराचं नाव असतं का?

मंडळी, बडोद्यात कलेचा विषय निघाला की आपण कलाभवनापासून सुरुवात करतो. साहजिक आहे. सयाजीराव महाराजांनी ते १८९० साली उभं केलं आणि त्याचा अभिमान आपल्याला अजून पुरतोय. आज मात्र मी तुम्हाला इथून शंभरेक किलोमीटर पूर्वेला, छोटा उदेपूरकडे नेणार आहे. ते संस्थान गायकवाडांचं नव्हतं, म्हणूनच की काय, आपल्या गप्पांत ते फारसं येत नाही.

तिथे राठवा आदिवासींच्या घरात, ओसरीच्या मुख्य भिंतीवर पिठोरा असतो, म्हणजे नवसाचं भित्तिचित्र. घरात दुखणं हटेना, गुरं दगावली, पीक गेलं, की घरधनी बडवोकडे जातो. बडवो म्हणजे त्यांचा भगत. मग बाबा पिठोरा या देवाला नवस बोलला जातो. नवस फळला की भिंतीवर पिठोरा काढवून तो फेडायचा, आणि फेडायचा म्हणजे गावाला जेवण आलं. त्यामुळे पैसे जमेपर्यंत थांबणारेही असतात.

भिंत आधी शेणामातीने सारवतात, त्यावर पांढऱ्या मातीचा हात फिरतो. हे काम कुमारिकांचं. रंगाला मात्र परंपरेने पुरुषच हात लावतात, आणि हे मला खटकतं, सांगून टाकतो. रंगाची पूड दुधात आणि मोहाच्या दारूत कालवतात. मोहाचं झाड दारातलं किंवा रानातलं, दूध गोठ्यातलं. चित्र काढणारे ते लखारे. एरवी तेही शेतकरीच.

भिंतीवर काय येतं? देवांचे घोडे, रांगेने. पिठोराच्या लग्नाची वरात. त्यातच नांगर धरलेला माणूस, ताक घुसळणारी बाई, ताडावर चढलेला ताडीवाला, वाघ, बारा डोक्यांचा धनी. अलीकडे आगगाडी आणि विमानही आलंय. शहरातल्या काही जाणकारांना ते रुचत नाही. मला रुचतं. जे गावाच्या डोळ्यांसमोरून जातं ते भिंतीवर येणारच, देवाची भिंत झाली म्हणून काय झालं?

आता खरी गोष्ट. लखाऱ्याने हात पुसले म्हणजे पिठोरा पुरा झाला असं नाही. बडवोच्या अंगात येतं, तो भिंतीपुढे उभा राहून एकेक आकृती ओळखतो. काही राहिलं असेल तर लखाऱ्याने तिथल्या तिथे भरायचं. ढोल वाजत असतात, सगळं गाव बघत असतं. एवढं करून भिंतीवर सही नाही. आपल्या देव्हाऱ्यातल्या टाकांवर सोनाराचं नाव असतं का? तसंच हे.

हल्ली पिठोरा कॅनव्हासवर येतो, विकला जातो. २०२३ साली परेश राठवांना पद्मश्री मिळाली, आनंदच झाला. विकू नये असं मी म्हणणार नाही. लखाऱ्याच्या घरातही फी भरायची असते. पण कॅनव्हासपुढे बडवो उभा राहत नाही. काय राहिलं, काय चुकलं हे सांगणारं तिथे कुणी नसतं. गिऱ्हाईक चार घोडे मागतं, लखारा चार घोडे देतो.

बघायला जायचं असेल तर आधी तेजगढची आदिवासी अकादमी गाठा. आपल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठात पूर्वी इंग्रजी शिकवणाऱ्या गणेश देवींच्या पुढाकाराने ती उभी राहिली. तिथून पुढे गावात जाल तेव्हा चपला ओसरीखाली काढा, आणि फोटो घेण्याआधी घरच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. नाही म्हणाले तर चहा घेऊन परत या.