बाटलीचं चक्र कुठे तुटतं

(दृश्य: पाण्याने भरलेली टाकी, वरून पडणारा प्लास्टिकचा चुरा)

टाकीत पडणारा हा चुरा नीट बघा. काही तुकडे थेट तळाला जातायत, काही वर तरंगतायत. पाण्याची बाटली पेट प्लास्टिकची. तिची घनता साधारण 1.38, पाण्याची 1, म्हणून ती बुडते. तिचं झाकण पॉलिइथिलीनचं किंवा पॉलिप्रॉपिलीनचं, पाण्यापेक्षा हलकं. दोन प्लास्टिकं नुसत्या पाण्याने वेगळी झाली. रिसायकलिंगमधलं सगळ्यात सोपं काम ते हेच.

पण पाइपांचं प्लास्टिक, म्हणजे पीव्हीसीही बुडतं. ‘कंपोस्ट होणारं’ म्हणून लोक विश्वासाने घेतात ते पीएलएही बुडतं. दोन्ही पेटबरोबर तळाला जातात आणि ही टाकी त्यांना वेगळं करू शकत नाही. पेट वितळायला सुमारे 250 अंश सेल्सिअस लागतात. तोवर पीव्हीसी करपायला लागलेलं असतं. त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा आम्लधर्मी वायू सुटतो, पेटच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात, माल पिवळा पडतो, त्यात काळे ठिपके दिसतात. एक टन पेटमध्ये जेमतेम 100 ग्रॅम पीव्हीसी मिसळलं, तरी बाटलीच्या दर्जाचा माल हातचा जाऊ शकतो.

(दृश्य: ड्रायर, त्यातून बाहेर पडणारे कोरडे तुकडे)

ओलाव्याचंही तेच. वितळवण्याआधी चुरा इतका वाळवावा लागतो, की दहा लाख भागांत पाण्याचे 50 भागही उरू नयेत. उरले, तर उष्णतेत तेच पाणी साखळ्या तोडतं. आखूड साखळ्यांच्या पेटची बाटली नीट फुगवता येत नाही, मग त्याचा धागा काढतात. धाग्याचं कापड होतं, आणि बहुतेक वेळा तिथेच त्या प्लास्टिकचा प्रवास संपतो. निर्वात भट्टीत तासन्‌तास तापवून साखळ्या पुन्हा लांब करता येतात, पण त्याला ऊर्जा लागते आणि माल आधीच स्वच्छ असावा लागतो.

2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासाचा अंदाज असा: 2015 पर्यंत सुमारे 630 कोटी टन प्लास्टिक कचरा झाला आणि त्यातला जेमतेम 9 टक्के रिसायकल झाला. एकापेक्षा जास्त वेळा रिसायकल झालेला भाग तर त्या 9 टक्क्यांतलाही फक्त दहावा हिस्सा. म्हणून चक्रीय अर्थव्यवस्थेत, म्हणजे वस्तू फेकण्याऐवजी पुन्हापुन्हा वापरात ठेवण्याच्या पद्धतीत, रिसायकलिंगचा नंबर शेवटी लागतो. आधी न घेणं, मग तेच भांडं पुन्हा भरणं.

(दृश्य: टेबलावर सुटा केलेला साबणाचा पंप)

हा पंप उघडून पाहू. वरचा भाग पॉलिप्रॉपिलीन, आतली नळी पॉलिइथिलीन, मध्ये स्टीलची स्प्रिंग, काही पंपांत धातूची किंवा काचेची गोळी. हे सुटं करत बसायला कारखान्यात कुणाला वेळ नसतो. पण हाच पंप वर्षानुवर्षं चालू शकतो. बाटली संपली की पंप फेकणं हा शुद्ध अपव्यय आहे.

रिफिल पाऊचला प्लास्टिक बाटलीपेक्षा कितीतरी कमी लागतं, हे खरं. मात्र अनेक पाऊच वेगवेगळ्या प्लास्टिकच्या थरांचे असतात, कधी मधे ॲल्युमिनियमही असतं. ते थर सहज सुटत नाहीत. निवड असेल तर एकाच प्लास्टिकचा पाऊच घ्या. त्याहून बरा मोठा कॅन: आकार मोठा, तसं लिटरमागे प्लास्टिक कमी.

सुरुवात कुठून करायची? आठवडाभर सगळं रिकामं प्लास्टिक एका पोत्यात साठवा. मग ते जमिनीवर पसरा आणि वजनाने नाही, नगाने मोजा. वजनात बाटल्या पुढे दिसतात, पण पिशव्या, सॅशे आणि वेष्टनं, म्हणजे ज्यांना भंगारातही कुणी विचारत नाही, ती नगात उघडी पडतात. पातळ पिशव्या तर वर्गीकरणाच्या यंत्राच्या फिरत्या दांड्यांना गुंडाळतात आणि यंत्र थांबवून त्या हाताने कापाव्या लागतात. सर्वाधिक नग असलेला एकच प्रकार निवडा, आधी तेवढाच बंद करा.

पिशवी बदलताना घाई नको. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने 2011 मध्ये मांडलेल्या हिशेबात, एकदाच वापरलेल्या पातळ पिशवीइतका हवामानावरचा भार खाली यायला सुती पिशवी 131 वेळा वापरावी लागते, न विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनची 11 वेळा. घरात आधीच असलेली पिशवी फाटेपर्यंत वापरणं सर्वांत उत्तम.

(दृश्य: पालथ्या घातलेल्या रिकाम्या बाटल्या)

द्रव साबण पुन्हा भरताना एक चूक सर्रास होते: अर्धी बाटली शिल्लक असताना वरून ओतणं. तळाचा जुना साबण कधी संपतच नाही आणि त्यात जंतू वाढू शकतात. बाटली पूर्ण रिकामी करा. पंपातून गरम पाणी ओढून तो आतून धुवा. बाटली पालथी घालून पूर्ण वाळू द्या. ओली राहिली तर साबणातलं परिरक्षक, म्हणजे जंतूंना रोखणारा घटक, पातळ होतं. मगच भरा आणि भरल्याची तारीख बाटलीवर लिहा.