‘आमची तशातली नाही’

नमस्कार मंडळी. मोदकांच्या पंगतीनंतर लगेच मुलींच्या लैंगिक आरोग्यावर बोलायला मला उभं केलंत, तुमच्या कार्यकारिणीच्या धाडसाला दाद द्यायला हवी.

मुंबईत परळला माझी ओपीडी असते. दहावीतली एक मुलगी आईबरोबर आली. मी तिला विचारलं, “पाळी कधी आली होती?” आई म्हणाली, “वीस तारखेला.” “अंगावरून पांढरं जातं का गं?” पुन्हा आईच, “नाही हो डॉक्टर, आमची तशातली नाही!” पांढरं जाण्याचा आणि ‘तशातली’ असण्याचा संबंध कोणी जोडला, देव जाणे. केसपेपरवर शिक्का आणायला मी आईला बाहेर पाठवलं, तेव्हा पोरीनं मान वर केली. तीन महिने खाज सोसत होती. साधा बुरशीचा संसर्ग, औषधानं बरा होणारा.

एवढ्याशा खाजेबद्दल जिला बोलता येत नाही, ती उद्या जोडीदाराला ‘निरोध वापर’ कोणत्या तोंडानं सांगणार? सांगितलं तर ‘हिला कसं माहीत?’ मुलाला माहीत असलं तर आपण गालात हसतो. चांगल्या मुलीनं मात्र अडाणीच राहायचं. आणि क्लॅमिडियासारखा शरीरसंबंधातून पसरणारा आजार बाईच्या अंगात बहुतेकदा काही लक्षण न दाखवता राहतो, गर्भनलिका खराब करून मोकळा होतो.

र. धों. कर्व्यांनी 1921 मध्ये याच मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं. आमचा केमिस्ट आजही पॅड काळ्या पिशवीत घालून देतो.

दिवस राहिले तर मुली घाबरून परस्पर गोळ्या घेतात. 18 वर्षांखालची असेल तर पॉक्सोप्रमाणे, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याप्रमाणे, आम्हाला पोलिसांना कळवावं लागतं, हे खरं. पण गर्भपातासाठी आलेल्या मुलीनं आणि पालकांनी विनंती केली, तर तिचं नाव उघड करायची गरज नाही, असं सुप्रीम कोर्टानं 2022 मध्ये स्पष्ट केलंय. हे तिला सांगणार कोण?

एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर करणाऱ्या विषाणूविरुद्धची, लस 9 ते 14 या वयात द्यावी म्हटलं की ऐकू येतं, “इतक्या लवकर? तिच्या डोक्यात नको ते भरेल.” अहो, संसर्गाशी गाठ पडण्याआधी दिली तरच तिचा पुरता उपयोग. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं म्हणून कोणी गंजक्या खिळ्यावर नाचायला जात नाही.

तर त्या दिवशी आई शिक्का घेऊन आत आली आणि पोरीची मान पुन्हा खाली गेली. औषधाची चिठ्ठी मी मुलीच्याच हातात दिली. आईनं ती काढून घेतली, चार घड्या घातल्या आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली.