‘गिटार्स, कॅडिलॅक्स’ : नॅशव्हिलबाहेर वाढलेलं कंट्री

मंडळी, आज एकाच तबकडीबद्दल बोलणार आहे. ड्वाइट योकम या अमेरिकन कंट्री गायकाचा पहिला अल्बम (कंट्री म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या ग्रामीण भागातलं लोकप्रिय संगीत), ‘गिटार्स, कॅडिलॅक्स, एटसेटरा, एटसेटरा’. साल १९८६, गाणी दहा. ‘बिलबोर्ड’ या अमेरिकन संगीत-साप्ताहिकाच्या कंट्री अल्बमच्या यादीत तो पहिल्या क्रमांकावर गेला आणि पुढे अमेरिकेत त्याच्या दहा लाखांवर प्रती गेल्या. हाच योकम १९७७ च्या सुमारास नॅशव्हिलला नशीब काढायला गेला होता, तेव्हा त्याच्या गाण्याला तिथे कुणी विचारलं नव्हतं. कंट्री संगीताच्या राजधानीत कंट्री गाणाऱ्याला जागा नव्हती, ती का, हे समजून घेतल्याशिवाय या अल्बमचं मोल कळत नाही.

त्यासाठी थोडं मागे जाऊ. अमेरिकेतली दारूबंदी १९३३ साली उठली आणि टेक्सासमध्ये, विशेषतः तेलविहिरींच्या गावांच्या आसपास, रस्त्याकडेला बार आणि नाचघरं उघडली. त्यांना म्हणत हाँकी-टाँक. पगार झाला की कामगार तिथे येणार, पिणार, नाचणार, भांडणार. त्या गलक्यात नुसत्या साध्या गिटारचा आवाज कुठे पोचणार? म्हणून गिटार विजेवर गेली, ठेका जड झाला, आवाज टोकदार झाला. कोपऱ्यात ज्यूकबॉक्स असायचा. नाणं टाकलं की गाणं सुरू, आणि तेही चार टेबलांपलीकडे ऐकू गेलं पाहिजे! या संगीताचा घाट असा त्या खोलीनेच घडवला. विषयही तिथलेच : दारू, मोडलेला संसार, मागे राहिलेलं गाव. त्यातला स्टील गिटारचा लांबवलेला, हेलकावणारा सूर आपल्या कानांना परका वाटत नाही. जुन्या हिंदी चित्रपटसंगीतात जी हवाईयन गिटार आपण ऐकत आलो, तिच्याच घराण्यातलं हे वाद्य.

आता १९८० कडे येऊ. त्या वर्षी ‘अर्बन काउबॉय’ हा चित्रपट आला आणि कंट्रीची एकदम फॅशन झाली. नॅशव्हिलच्या कंपन्यांनी गाणी आणखी गुळगुळीत केली. व्हायोलिनांचे ताफे, पॉपच्या वळणाच्या चाली. फॅशन ओसरली तसा खपही उतरला. १९८५ च्या सप्टेंबरात ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने नॅशव्हिलच्या त्या साच्याचे दिवस भरल्याचं छापलं.

योकम तोवर लॉस एंजेलिसला जाऊन राहिला होता. पीट अँडरसन हा डेट्रॉइटकडचा, ब्लूज या कृष्णवर्णीयांच्या संगीतात मुरलेला गिटारवादक त्याला भेटला आणि तोच पुढे त्याचा निर्माता झाला. कंट्री बारना रेडिओवरची चालू गाणी हवी होती. यांना स्वतःची गाणी वाजवायची होती, नाहीतर जुनी. मग हे दोघे गेले कुठे, तर पंक रॉकच्या क्लबांत. ब्लास्टर्स, लॉस लोबोस, एक्स अशा बँडांच्या संगतीत, केस रंगवलेल्या पोरांपुढे, काउबॉय टोपी घालून हा माणूस केंटकी या आपल्या जन्मराज्याची गाणी म्हणत होता. आणि त्या पोरांना ती भिडली! ज्यांनी कंट्री म्हणून कधी काही ऐकलं नव्हतं, त्यांना त्यातला सच्चेपणा आधी कळला. मला ही या सगळ्या कथेतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. १९८४ साली एका छोट्या कंपनीने सहा गाण्यांची तबकडी काढली. तिच्यात चार गाण्यांची भर घालून रिप्राइज कंपनीने काढला तो हा अल्बम.

त्यातलं पहिलं गाजलेलं गाणं, ‘हाँकी टाँक मॅन’, हे जॉनी हॉर्टन या जुन्या कंट्री गायकाचं, १९५६ चं. योगायोग असा की योकमचा जन्मही त्याच सालचा. हे गाणं कंट्रीच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं.

समीक्षकांनी अल्बमचं भरभरून स्वागत केलं, रॉकवर लिहिणाऱ्यांनीसुद्धा. त्याच वर्षी रँडी ट्रॅव्हिस आणि स्टीव्ह अर्ल यांचेही पहिले मोठे अल्बम आले, आणि या सगळ्यांना मिळून ‘नवपरंपरावादी’ असं लेबल लागलं. योकमपुरतं तरी मला ते लेबल पटत नाही. परंपरा म्हणून त्याने काही उचलून आणलेलं नाही. तो जन्मला केंटकीत पाइकव्हिलला, वाढला ओहायोतल्या कोलंबसला. केंटकीच्या डोंगरातल्या कोळसा खाणी सोडून हजारो कुटुंबं उत्तरेच्या कारखान्यांकडे गेली, त्याच वाटेवर त्याचंही घर होतं. ‘मायनर्स प्रेयर’ हे गाणं खाणकामगार आजोबांसाठी आहे.

आणि ‘साउथ ऑफ सिनसिनाटी’ नीट ऐका. सिनसिनाटी ओहायो नदीच्या काठावर आहे, पलीकडे केंटकी. गाण्यातली बाई चौदा वर्षं दूर गेलेल्या आपल्या माणसाला पत्रं लिहिते आहे आणि एकही पोस्टात टाकत नाही. पत्र बायबलच्या पानांत ठेवलेलं, लूकच्या शुभवर्तमानात एक गुलाब दाबून ठेवलेला. तो तिकडे शिकागोच्या थंड खोलीत पिऊन पडलेला, सिगारेट जिनच्या पेल्यात विझलेली. कुणी कुणावर ओरडत नाही, कवी न्यायनिवाडा करत नाही. नदीच्या दोन बाजू आणि मधे अभिमान. योकमचा आवाज ओळीच्या शेवटी किंचित तुटतो, तेवढंच. पोटासाठी गाव सोडलेल्या माणसांबद्दल इतक्या थोड्या शब्दांत इतकं नेमकं गाणं मी फारसं ऐकलेलं नाही.

या अल्बमचा नाद मात्र केंटकीचा नाही, तो कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डचा आहे. ओक्लाहोमा-टेक्सासकडून धुळीच्या वादळांनी आणि मंदीने हुसकलेली माणसं तिथे कापसाच्या शेतांत, तेलविहिरींवर कामाला आली आणि आपलं हाँकी-टाँक सोबत घेऊन आली. टेलिकास्टर या विजेवरच्या गिटारचा तो कडक, झणझणीत आवाज बक ओवेन्स या गायकाने तिथूनच देशभर नेला. अँडरसनच्या गिटारीत तोच ऐकू येतो.

नॅशव्हिलला ओवेन्सचा विसर पडला याबद्दल योकम मुलाखतींतून उघडपणे चिडून बोलत असे. तो नुसता बोलून थांबला नाही. १९८७ साली तो न कळवताच ओवेन्सच्या बेकर्सफील्डच्या कचेरीत जाऊन उभा राहिला आणि त्या दिवशीच्या जत्रेत माझ्याबरोबर गा म्हणाला. ओवेन्स तोवर गाण्यातून जवळजवळ निवृत्त झाला होता. तो गेला, गायला. पुढच्या वर्षी दोघांनी मिळून ‘स्ट्रीट्स ऑफ बेकर्सफील्ड’ ध्वनिमुद्रित केलं. योकमचं पहिल्या क्रमांकावर गेलेलं ते पहिलं गाणं, आणि ओवेन्सचं १९७२ नंतरचं पहिलं. त्याच वर्षी ओवेन्सने स्वतःचा नवा अल्बमही काढला.