हात लावायचा की नाही?

नमस्कार श्रोतेहो.

सांगोल्याकडचे एक डाळिंब बागायतदार माझ्याकडे आले होते. वय 67. मोटारसायकलवरून घसरले, डोक्याला खोक पडली म्हणून सीटी स्कॅन काढला, तर त्यात भलतंच सापडलं. मेंदूत रक्तवाहिन्यांचा गुंता. आम्ही त्याला एव्हीएम म्हणतो. सोबतचा मुलगा म्हणाला, "डॉक्टर, एकदाचं काढूनच टाका."

मी काकांना विचारलं, विहिरीवरच्या मोटारीची मेन लाइन सरळ ड्रिपच्या नळीला जोडली तर? ते म्हणाले, "नळी फुटंल की."

आजार तेवढाच आहे. धमनीतलं रक्त दाबानं येतं. केशवाहिन्यांच्या बारीक जाळ्यातून जाताना तो दाब जिरतो आणि मग रक्त शिरेत उतरतं. एव्हीएममध्ये हे मधलं जाळंच नसतं. धमनीचा सगळा दाब पातळ भिंतीच्या शिरेवर येतो. ती एखाद्याची फुटते, एखाद्याला फिट येते, एखाद्याला जन्मभर पत्ताही लागत नाही.

न फुटलेल्या एव्हीएमला दरवर्षी 100 पैकी साधारण 2 ते 4 जणांत रक्तस्राव होतो. ऐकायला थोडं वाटतं, पण हे वर्षाचं व्याज आहे, साठत जातं. 3 टक्के धरा. 25 वर्षांच्या मुलीला पुढची 40 वर्षं काढायची असतील, तर तेवढ्या काळात ते फुटण्याची शक्यता 70 टक्क्यांच्या आसपास जाते. 67 वर्षांच्या माणसाला पुढच्या 10 वर्षांत ती 26 टक्के. एकदा फुटलेलं असेल तर हिशोबच बदलतो, पहिल्या वर्षात धोका आणखी वाढतो.

ही झाली न करण्याची किंमत. करण्याची किंमत मोजायला 1986 साली स्पेट्झलर आणि मार्टिन या अमेरिकी शल्यचिकित्सकांनी गुणांची पद्धत दिली. गुंता 3 सेंटिमीटरच्या आत असेल तर 1 गुण, 6 पर्यंत 2, त्याहून मोठा असेल तर 3. बोलणं, हातपाय, नजर सांभाळणाऱ्या भागात असेल तर आणखी 1. रक्त मेंदूच्या खोल शिरांत उतरत असेल तर आणखी 1. बेरीज 1 किंवा 2 आली तर ऑपरेशन बहुधा पेलतं. 4 आणि 5 ला आम्ही सहसा हात लावत नाही. खरी ओढाताण मधल्यांची.

आणि कधी कधी कमी गुणांचीही. गारमेंटच्या कारखान्यात शिवणकाम करणारी 24 वर्षांची मुलगी फिट येऊन आली. गुंता जेमतेम 2 सेंटिमीटरचा, पण नेमका उजवा हात हलवणाऱ्या भागात. बेरीज 2. कागदावर ऑपरेशन सोपं. तिनं एकच विचारलं, "मशीन चालवता येईल ना?" मला छातीठोकपणे हो म्हणता येईना. दुसरा मार्ग रेडिओसर्जरीचा. कवटी न उघडता किरणांचा बारीक झोत गुंत्यावर सोडायचा, वाहिन्यांच्या भिंती हळूहळू जाड होऊन आतून बंद होतात. त्याला दोन-तीन वर्षं लागतात आणि तोवर फुटण्याची भीती तशीच राहते. तिनं तो मार्ग घेतला. तिसरा उपाय मांडीतून किंवा मनगटातून नळी घालून गुंत्यात गोंदासारखं औषध भरण्याचा. बऱ्याचदा तो ऑपरेशनची पूर्वतयारी म्हणूनच करतात.

2014 साली 'अरुबा' नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. न फुटलेल्या एव्हीएममध्ये नुसती औषधं घेणाऱ्यांचं, उपचार करवून घेणाऱ्यांपेक्षा बरं चाललं होतं. त्यावर वाद झाला, आणि माझ्या मते रास्त झाला. रुग्णांवर सरासरी तीनच वर्षं लक्ष ठेवलेलं, आणि त्या मुलीला तर चाळीस वर्षांचा हिशोब करायचाय.

काकांचा गुंता 5 सेंटिमीटरचा, बोलण्याच्या भागात, खोल शिरांत उतरणारा. बेरीज 4. मी नको म्हटलं. मुलाचा चेहरा पडला. त्याला वाटलं, डॉक्टरांनी हात टेकले. काका मात्र पैशाचं पाकीट खिशात घालत म्हणाले, "रात्रीची लाईट येते, मोटार चालू करायला जाऊ का नको?"

जा म्हटलं. पण बीपीची गोळी चुकवायची नाही, रक्त पातळ करणारी गोळी कुणीही दिली तरी आधी मला विचारायचं. आणि कधी नव्हे असं डोकं एकदम ठणकलं, बोबडी वळली, हात लुळा पडला, तर मोटार तशीच चालू ठेवून दवाखाना गाठायचा.