२८ नंबरचा वॉकर

नमस्कार, श्रोतेहो.

घरातलं वडीलधारं माणूस न्हाणीघरात घसरतं, खुब्याचं हाड मोडतं, शस्त्रक्रिया होते. घरी सोडताना डॉक्टर सांगतात, वॉकर आणा, कमोडची खुर्ची आणा, एअर बेड मिळाला तर बघा. तोवर घरातला पैसा संपत आलेला असतो. आणि वॉकर लागणार दोन-तीन महिने, तेवढ्यासाठी विकत कशाला घ्यायचा? म्हणून आपल्याकडे गावोगाव रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं चालतात. अनामत ठेवा, वस्तू न्या, काम झालं की आणून द्या, अनामत परत घ्या. साताऱ्यातल्या अशाच एका केंद्रात मी ११ वर्षं संध्याकाळी बसतो आहे. आणि हो, न्हाणीघरात गुळगुळीत फरशी बसवू नका. दिसायला कितीही छान असो, बसवू नका. निम्म्या पावत्या मी त्या फरशीपायी फाडल्या आहेत.

तर एक गोष्ट सांगतो. आमच्या वहीतला २८ नंबरचा वॉकर तीन महिन्यांच्या बोलीवर गेला होता. नेणारा मुलगा रिक्षा चालवतो, आजीसाठी नेला होता. तीन महिने झाले, पाच झाले, नऊ झाले. फोन केला की म्हणायचा, "देतो काका, या आठवड्यात देतो." इकडे चार माणसं वॉकरसाठी थांबलेली. एका रविवारी मी रागारागानं त्यांच्या वाड्यावर गेलो. जिना चढताना काय काय सुनवायचं ते मनात जुळवत होतो.

दार आजींनीच उघडलं. हातात काठीसुद्धा नव्हती.

"आजी, वॉकर?"

"तो होय? तो खाली तात्यांकडे आहे."

खाली गेलो. तात्या लांबलेल्या आजारपणातून उठले होते, वॉकर धरून ओसरीवर चार पावलं टाकत होते. त्यांच्या आधी तो मागच्या खोलीतल्या वहिनींकडे होता, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर. मी वॉकर हातात घेतला. त्याच्या पायांना उंची कमी-जास्त करायला भोकं असतात ना, बटण दाबून सरकवायची? सरळ उभं राहून हात खाली सोडला की मूठ मनगटाशी यावी लागते, नाहीतर माणूस वाकून चालतो आणि पाठ धरते. त्या भोकांशेजारी नेलपॉलिशचे ठिपके होते. लाल ठिपका आजींचा, गुलाबी वहिनींचा, जांभळा तात्यांचा. रिक्षावाल्याच्या धाकट्या बहिणीनं लावलेले. कुणाची उंची कुठे, विचारायलाच नको.

आणि खालची रबरं कोरी करकरीत. तेवढ्यात तो मुलगा आला, म्हणाला, "तिसऱ्यांदा बदलली, काका. रबर झिजलं की ओल्या फरशीवर वॉकर सटकतो, तुम्हीच सांगितलं होतं ना नेताना."

मी म्हटलं, "अरे, मग फोनवर हे का नाही सांगितलंस?"

"पावती एकाच्या नावाची, वापरणारे तिघं. वाटलं, तुम्ही रागवाल."

जिन्यात जुळवलेलं एकही वाक्य मला आठवेना. चहा घेतला आणि रिकाम्या हातानं परत आलो. त्या आठवड्यापासून आमच्या वहीत एका पावतीखाली आणखी तीन नावं लिहायला जागा ठेवलेली आहे.

हे सांगण्यात बराच वेळ गेला, आता थोडक्यात. वडिलांच्या पुण्यतिथीला लोक येतात, म्हणतात, नवी व्हीलचेअर देतो, पाठीवर नाव घाला. द्या, आम्ही आनंदानं घेतो. पण मला विचाराल तर दुरुस्तीला पैसे द्या. व्हीलचेअर आहेत, पण टायर गेलेले आहेत. एअर बेड आहेत, पण पंप बंद आहेत. दुरुस्तीला कुणी देत नाही, कारण टायरवर नाव घालता येत नाही. गाडगेबाबांनी जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभी केली, आणि आयुष्यभर हातातला झाडू सोडला नाही. बांधलेलं नीट राखायलाही माणूस लागतो.

म्हणून पुन्हा सांगतो: दुरुस्तीला पैसे, आणि आठवड्यातले दोन तास. पावत्या लिहायला, परत आलेली कमोडची खुर्ची जंतुनाशकानं धुवायला, आणि एअर बेड नेणाऱ्याला बजावायला, की एअर बेड असला तरी रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचंच, नाहीतर पाठीला जखमा होतात. दोन तास, हे लक्षात ठेवा. रुग्णाला वळवायला दर दोन तासांनी, आणि केंद्रावर बसायला आठवड्यातून दोन तास.

आणखी एक. माणूस जातं, आणि त्याचा वॉकर माळ्यावर जातो. नजरेसमोर नको वाटतो, हे मी माझ्या आईच्या वेळी अनुभवलं आहे. माळ्यावर असेल तर खाली काढा, पुसा, रबरं तपासा, आणि जवळच्या केंद्रात नेऊन द्या. न्यायला जड जात असेल तर फोन करा. आमच्याकडचा तो रिक्षावाला मुलगा आता रविवारी साहित्य गोळा करायला येतो, भाडं घेत नाही.

नमस्कार.